रेझिन प्रिंटवर ओतलेलं सिलिकॉन चिकटच राहतं, तेव्हा

विज्ञानकथांतली शस्त्रं, हेल्मेटं, मनगटावरची यंत्रं, कंट्रोल पॅनेलचे तुकडे अशा वस्तूंच्या प्रतिकृती करणाऱ्यांकडून माझ्यापर्यंत सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार एकच. मास्टर, म्हणजे ज्याच्यावरून साचा काढायचा तो मूळ नमुना, रेझिन प्रिंटरवर छान निघाला, पॉलिश पेपरने घासला, त्यावर प्लॅटिनम सिलिकॉन ओतलं, डब्यावर लिहिलेला वेळ थांबले, आणि साचा उघडला तर बाहेरून रबर, आतून चिकट लगदा. तो लगदा मास्टरच्या खाचाखोचांत असा बसलेला असतो की सिलिकॉनही वाया गेलं आणि मास्टरही जाण्याच्या बेतात.

यावर बहुतेक जण सिलिकॉन खराब होतं असं ठरवतात, नवा डबा उघडतात आणि त्याच मास्टरवर पुन्हा ओततात. निकाल तोच. माझ्यापुढे आलेल्या अशा साच्यांपैकी बऱ्याच साच्यांत सिलिकॉन निर्दोष होतं. दोष मास्टरच्या पृष्ठभागावर होता. पण बऱ्याच म्हणजे सगळ्या नव्हेत. म्हणून नवं काही मिसळण्याआधी चिकटपणा नेमका कुठे आहे ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

लक्षणं

साचा फेकू नका. चांगल्या उजेडात धरा, हातमोजा घालून बोट फिरवा आणि खालीलपैकी काय जुळतं ते पाहा.

- साच्याची पाठ आणि कडा घट्ट, पण मास्टरला टेकलेली बाजू सगळीकडे सारखी चिकट. मास्टरचा पृष्ठभागच सिलिकॉनला क्युअर होऊ, म्हणजे पक्कं घट्ट होऊ, देत नाही.
- सपाट भाग ठीक, पण खोल खाचांत, ग्रीबल्सच्या (पृष्ठभागावरच्या बारीक सजावटी तुकड्यांच्या) मधल्या फटींत, जाळीच्या भोकांत लगदा. तिथे न धुतलं गेलेलं रेझिन राहिलं आहे.
- मधूनमधून ठिपके किंवा पट्टे. मास्टरवर पुट्टी कुठे भरली, सुपरग्लू कुठे लावला, सपोर्टचे (छापताना तुकडा धरून ठेवणाऱ्या काड्यांचे) डाग कुठे घासले ते आठवा. ठिपके बहुतेक तिथेच पडतात.
- दोन भागांच्या साच्यात जोडरेषेलगत चिकट पट्टी. क्लेवर संशय घ्या.
- एकाच ठिकाणी ओघळ आणि त्याला रेझिनचा वास. मास्टर आतून पोकळ आहे आणि गळतोय.
- सगळीकडे मऊ, पाठही दाबली तर खड्डा पडतो. मिश्रण, तापमान किंवा वेळ.
- घट्ट रबरात मधेच पातळ, न मिसळलेल्या रेघा. ढवळणं अपुरं.

दोन लक्षणं या यादीत बसत नाहीत, पण लोक ती याच तक्रारीत घालतात. साच्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्या अर्ध्याला चिकटून एकजीव झाला असेल, तर सिलिकॉन व्यवस्थित क्युअर झालं आहे. मधे रिलीज एजंट (चिकटू नये म्हणून लावायचं द्रव्य) लावायचा राहिला, एवढंच. आणि साचा कोरडा, पण त्यात ओतलेला पॉलियुरेथेनचा (प्रत काढायच्या द्रव प्लॅस्टिकचा) तुकडा चिकट निघत असेल तर ते वेगळं दुखणं आहे. त्याबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

असं होतं तरी का

प्लॅटिनम सिलिकॉनच्या दोन भागांना जोडणारं काम प्लॅटिनमचं एक संयुग करतं. त्याचं प्रमाण अगदी नगण्य असतं, दहा लाख भागांत काही मोजके भाग. ते उत्प्रेरक आहे, एकच कण पुन्हा पुन्हा कामाला येतो, म्हणून तेवढं पुरतं. पण त्याच कारणाने ते बिघडवायलाही थोडंच लागतं. गंधक, कथील, फॉस्फरस यांची काही संयुगं आणि अमाइन्स प्लॅटिनमला धरून बसतात, मग ते पुढची जोडणी करत नाही.

रेझिन प्रिंटरच्या द्रवात अॅक्रिलेट असतं आणि प्रकाश पडल्यावर ते घट्ट व्हायला सुरुवात करून देणारा फोटोइनिशिएटर असतो. ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालणाऱ्या प्रिंटरसाठी वापरले जाणारे बरेचसे फोटोइनिशिएटर फॉस्फरसयुक्त असतात. प्रिंट हाताला कोरडी लागली तरी पृष्ठभागावर आणि त्याच्या जरा खाली हे अवशेष उरलेले असतात. सिलिकॉन तासन्‌तास द्रवरूपात त्याला टेकून बसतं आणि ते अवशेष हळूहळू सिलिकॉनमध्ये उतरतात. म्हणूनच चिकटपणा पातळ थराचा असतो आणि त्याच्या मागचं सिलिकॉन उत्तम रबर झालेलं असतं.

टिन सिलिकॉनची, म्हणजे कथिलाच्या संयुगाने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनची, रसायनक्रिया वेगळी आहे, त्यात प्लॅटिनम नाही, त्यामुळे ते या प्रकाराला फारसं जुमानत नाही. हे शेवटच्या उपायासाठी लक्षात ठेवा.

आधी मिसळलेला कप बघा

याला काही खर्च नाही. ज्या कपात सिलिकॉन मिसळलं त्याच्या तळाशी थोडं उरलेलं असतंच. ते दाबून बघा. कपातलं कोरडं, लवचीक रबर झालं असेल तर सिलिकॉन, प्रमाण, तापमान आणि वेळ या चारही गोष्टी एकदम निर्दोष सुटतात आणि तपास मास्टरकडे वळतो. कपातलंही चिकट असेल तर मास्टरला हात लावू नका, आधी पुढचे दोन मुद्दे तपासा.

यासाठी कप कधीही लगेच टाकून देऊ नका. साचा उघडेपर्यंत तो साच्याच्या शेजारी, त्याच तापमानात राहिला पाहिजे.

वेळ आणि ऊब

डब्यावरचा क्युअर होण्याचा वेळ साधारण २३ अंश सेल्सियसला धरलेला असतो. खोली थंड असेल तर प्लॅटिनम सिलिकॉन चांगलंच रेंगाळतं. १० अंशांनी तापमान उतरलं की वेळ दुप्पट होतो असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही. सिलिकॉनचे डबे थंड फरशीवर ठेवले असतील तर खोली उबदार असूनही द्रव थंडच असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

साचा न उघडता आणखी एक रात्र उबदार जागी ठेवा. ३५ ते ४० अंशांची ऊब पुरे. जे नुसतं मंदावलेलं असतं ते याने पूर्ण होतं. प्लॅटिनम बिघडल्यामुळे थांबलेलं सिलिकॉन मात्र आठवडाभर ठेवलं तरी तसंच राहतं. त्यामुळे या पायरीचा उपाय म्हणून नाही तरी चाचणी म्हणून उपयोग होतोच.

प्रमाण आणि ढवळणं

प्लॅटिनम सिलिकॉन बहुधा १:१ असतं, टिन सिलिकॉन बहुधा १०:१. पण हे प्रमाण वजनाचं की आकारमानाचं, ते डब्यावर वाचा. १०:१ प्रकारात डोळ्यांच्या अंदाजाला काहीच अर्थ नाही. १०० ग्रॅमला १० ग्रॅम घालायचे असताना २ ग्रॅमची चूक म्हणजे पाचवा हिस्सा गेला. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या.

ढवळण्याआधी दोन्ही डबे वेगवेगळ्या काठ्यांनी तळापासून हलवा, कारण भराव (फिलर) आणि रंग खाली बसतात. मिश्रण करताना कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्या. आणि मग सगळं मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एकदा ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला चिकटलेला न मिसळलेला थर साच्यात जाऊ नये म्हणून हा खटाटोप. घट्ट रबरात पातळ रेघा दिसल्या होत्या त्यांचं इथेच निवारण होतं.

हातमोजे, क्ले आणि ब्रश

कप कोरडा, साचा चिकट, तर आता मास्टरला काय काय लागलं याची उलटतपासणी.

लॅटेक्सचे हातमोजे पहिले संशयित. त्यांच्या रबरात गंधक असतं. मोज्याने मास्टर हाताळला की बोटांच्या ठशांच्या आकाराचे चिकट डाग साच्यात उमटलेले मी पाहिले आहेत. नायट्राइल वापरा. साचा बांधायला वापरलेले रबरबँडही याच जातीचे. द्रव सिलिकॉनला ते टेकता कामा नयेत.

मग क्ले. दोन भागांचा साचा करताना मास्टर अर्धा क्लेत बुडवतात. शिल्पकामाच्या तेलकट क्लेमध्ये अनेकदा गंधक असतं. वेष्टनावर 'गंधकमुक्त' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेवढीच वापरा. जोडरेषेलगतची चिकट पट्टी नुसती क्ले बदलल्याने जाते, पण आधीच्या क्लेचा तेलकट थर मास्टरवर राहिलेला असतो, तो पुसायला विसरू नका.

तिसरं, टिन सिलिकॉनसाठी वापरलेले कप, ब्रश, काठ्या. कथिलाचा अंश राहतो आणि तो प्लॅटिनमला चालत नाही. दोन्हींची अवजारं वेगळी ठेवा, रंगीत टेपने खूण करा. धुऊन भागत नाही.

मास्टर नीट धुतला होता का

इथून पुढे खरी मेहनत आहे, आणि बहुतेक केसेस इथेच सुटतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोलचं भांडं एकदा भरलं की लोक महिनोन्‌महिने तेच वापरतात. त्यात इतकं रेझिन विरघळलेलं असतं की बाहेर काढलेल्या प्रिंटवर अल्कोहोल उडून गेल्यावर रेझिनचाच पातळ थर बसतो. दोन भांडी ठेवा: पहिल्यात मळकं, दुसऱ्यात स्वच्छ. दुसरं गढूळ दिसायला लागलं की ते पहिलं होतं आणि नवं भरायचं.

धुताना मऊ ब्रशने प्रत्येक खाच घासा. प्रतिकृतींचं वेगळेपण हेच की त्यांवर बारीक नळ्या, खिळे, जाळ्या, पट्ट्या यांची दाटी असते. प्लेन डब्याला जे धुणं पुरतं ते या गर्दीला पुरत नाही. इंजेक्शनच्या सिरिंजने फटींत स्वच्छ अल्कोहोल मारा. मग हवेच्या झोताने वाळवा आणि तिरप्या उजेडात बघा. नीट धुतलेली प्रिंट मंद, मॅट दिसते. जिथे ओली चकाकी आहे तिथे रेझिन आहे. हा निकष मला कुठल्याही घड्याळापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

पण प्रिंट अल्कोहोलमध्ये तासन्‌तास बुडवूनही ठेवू नका. ती अल्कोहोल शोषते, मऊ पडते आणि पुढे तडे जातात. काही मिनिटांची दोन धुणी, मधे ब्रश, एवढं पुरे. पाण्याने धुवायच्या रेझिनसाठी पद्धत तीच, फक्त द्रव पाणी. ते पाणीही नाल्यात ओतायचं नाही. त्यात विरघळलेलं रेझिन पर्यावरणाला घातक असतं. उन्हात ठेवून त्यातलं रेझिन घट्ट करा, गाळून घ्या, आणि उरलेल्या पाण्याची विल्हेवाट तुमच्याकडच्या रासायनिक कचऱ्याच्या नियमाप्रमाणे लावा.

पुरेसा प्रकाश मिळाला का

धुतल्यानंतर प्रिंट पूर्ण वाळली पाहिजे. अल्कोहोल आत असतानाच यूव्ही (अतिनील) दिव्याखाली ठेवली तर पांढरट डाग पडतात, शिवाय ते अल्कोहोल पुढे बाहेर येत राहतं.

नेहमीच्या वस्तूसाठी आपण फार क्युअर करत नाही, कारण ती ठिसूळ होते, पिवळी पडते. मास्टरला हा नियम लावू नका. मास्टरला एकदाच साच्यातून सुखरूप बाहेर यायचं आहे; तो पिवळा पडला तरी कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून भरपूर क्युअर करा, सगळ्या बाजूंनी, उलटसुलट करून. गडद आणि अपारदर्शक रेझिनमध्ये प्रकाश फार आत शिरत नाही, त्यामुळे मास्टरसाठी काळं रेझिन निवडणं मला पटत नाही. राखाडी बरं, तपशीलही त्यावर नीट दिसतात.

अॅक्रिलेटच्या पृष्ठभागाचा हवेतल्या ऑक्सिजनशी वैरभाव आहे. ऑक्सिजन त्याची क्रिया अर्धवट थांबवतो, आणि सगळ्यात वरचाच थर कच्चा राहतो, म्हणजे नेमका जो सिलिकॉनला टेकणार आहे तो. यावर सोपा तोडगा आहे: काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या भांड्यात पाणी घेऊन प्रिंट त्यात बुडवा आणि त्या अवस्थेत यूव्ही द्या. हवेचे बुडबुडे ब्रशने काढून टाका, बुडबुड्याखालचा भाग कच्चाच राहतो. पाण्याने धुवायचं रेझिन असेल तर फार वेळ बुडवून ठेवू नका.

घासकामाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. क्युअर झाल्यावर तुम्ही पॉलिश पेपरने घासता तेव्हा पक्का झालेला वरचा थर निघतो आणि खालचा कमी क्युअर झालेला उघडा पडतो. म्हणून सगळं घासून झाल्यावर, धूळ धुऊन, पुन्हा एकदा यूव्ही. सपोर्टच्या डागांवर चिकट ठिपके पडण्याचं कारण अनेकदा हेच असतं.

यानंतर ऊब. ५० ते ६० अंशांवर काही तास ठेवल्याने उरलेले अवशेष बरेच कमी होतात. साधं रेझिन या तापमानाला मऊ पडू शकतं, त्यामुळे लांब नळी किंवा पातळ पंख असलेला तुकडा आडवा, आधार देऊन ठेवा. हे स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये करायचं नाही. आणि अल्कोहोलचा वास येणारी प्रिंट तापवायची तर मुळीच नाही, तिची वाफ पेट घेते.

पोकळ मास्टर

रेझिन वाचवायला मोठे तुकडे पोकळ छापतात. आतलं द्रव रेझिन निचऱ्याच्या भोकातून पूर्ण निघालं नाही, तर ते आठवड्यांनी एखाद्या बारीक तड्यातून झिरपतं. बाहेरून कितीही धुवा, कितीही प्रकाश द्या, उपयोग नाही. प्रिंट हलवून आवाज येतो का ऐका, वजन अपेक्षेपेक्षा जास्त आहे का बघा. संशय असेल तर दोन समोरासमोर भोकं पाडा, सिरिंजने अल्कोहोल आरपार सोडा, वाळवा, आत बारीक यूव्ही एलईडी घालून क्युअर करा आणि मग भोकं बुजवा. मुठीत मावणारा मास्टर मी भरीवच छापायला सांगतो. वाचलेल्या रेझिनपेक्षा वाया गेलेलं सिलिकॉन जास्त महाग पडतं.

पुट्टी आणि सुपरग्लू

यावर फार लिहायची गरज नाही. इपॉक्सी पुट्टीच्या हार्डनरमध्ये अमाइन असतं, पॉलिएस्टर पुट्टीत स्टायरीन, आणि सुपरग्लूचाही काही वेळा त्रास होतो. तिन्ही वापरायला हरकत नाही, पण पूर्ण वाळू द्या आणि वरून आवरण द्या.

आवरण

आवरण म्हणजे प्रिंट आणि सिलिकॉन यांच्यामधला अडसर. रिलीज एजंट म्हणजे आवरण नव्हे, पेट्रोलियम जेलीही नव्हे. ती चिकटू देत नाहीत, पण रसायन आरपार जाऊ देतात. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

माझी पद्धत अशी. धुतलेल्या, क्युअर केलेल्या, घासून पुन्हा क्युअर केलेल्या मास्टरवर प्रायमर, आणि त्यावर पारदर्शक अॅक्रिलिक लॅकरचे तीन-चार पातळ थर. प्रत्येक थर वाळू द्यायचा. शेवटच्या थरानंतर निदान एक पूर्ण दिवस, थंडीत दोन. नाकाजवळ धरल्यावर वास येत असेल तर अजून द्रावक बाहेर पडतं आहे. तेही सिलिकॉनला नडू शकतं. महत्त्वाच्या मास्टरवर मी याच्यावर पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर देतो. तो पाण्याने धुऊन निघतो आणि अडसर म्हणून उत्तम आहे, पण ब्रशचे ओरखडे राहतात आणि कोपऱ्यांत साचतो, त्यामुळे आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला तो शोभत नाही.

आवरणाची किंमत तपशिलात मोजावी लागते. प्रिंटर ०.०५ मिलिमीटरच्या थरांनी छापतो आणि आपण वर चार थर रंगाचे चढवतो. पॅनेलच्या कोरीव रेषा अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद असतील तर बुजतात. त्यामुळे साचा करायचाच असेल तर मॉडेलमध्येच त्या रेषा थोड्या रुंद आणि खोल करून घ्या. मूळ वस्तूशी अगदी तंतोतंत जुळवणाऱ्यांना हे रुचत नाही, पण आवरणानंतर त्या रेषा मूळच्या जवळ येतात आणि न वाढवलेल्या दिसेनाशा होतात.

आणि कच्च्या प्रिंटवर आवरण हा उपाय नाहीच. खालचं द्रव रेझिन लॅकरला फुगवतं, तडे पाडतं आणि वर येतं. आधी धुणं आणि क्युअर, मगच आवरण.

ओतण्याआधी चाचणी

मास्टरसोबत त्याच प्लेटवर एक छोटी चकती छापा. तिच्यावर एक खोल खाच, एक बंद भोक आणि थोडा सपाट भाग असू द्या. मास्टरचं जे जे कराल ते सगळं चकतीचंही करा: तेच धुणं, तोच प्रकाश, तीच पुट्टी, तेच लॅकर. मग तिच्यावर चमचाभर सिलिकॉन ओता, पूर्ण वेळ थांबा, सोलून काढा आणि खाचेतलं टोक बघा. नुसती सपाट चकती घेऊ नका. ती जवळजवळ नेहमीच पास होते आणि खोटा दिलासा देते.

चकतीवर चिकटलं तर मास्टर तसाच ठेवा आणि मागच्या पायऱ्या पुन्हा करा. सिलिकॉन किंवा रेझिन यांतलं काहीही बदललं, अगदी त्याच रेझिनचा रंग बदलला, तरी चाचणी नव्याने.

सिलिकॉनच बदलणं

सगळं करूनही चकती नापास होत असेल, तर हट्ट सोडा आणि त्या मास्टरवर टिन सिलिकॉन वापरा. माझ्या मते प्रतिकृती करणाऱ्यांनी हा पर्याय इतका शेवटी ठेवू नये. घरी चार-सहा प्रती काढायच्या असतील तर टिन सिलिकॉन अगदी पुरेसं आहे.

त्याच्या खोडी माहीत असू द्या. ते आकसतं. आकुंचन अर्धा टक्का धरलं तर ४० मिलिमीटर व्यासाच्या नळीत ०.२ मिलिमीटरचा फरक पडतो. धातूच्या दांड्यावर घट्ट बसवायच्या कड्यासाठी तेवढाही खूप होतो. प्लॅटिनमच्या तुलनेत साचा कमी टिकतो, काही वर्षांत ठिसूळ होतो. क्युअर व्हायला त्याला हवेतला ओलावा लागतो, म्हणून फार कोरड्या खोलीत ते रेंगाळतं. आणि क्युअर होताना अल्कोहोल सोडतं. साचा ताजा असतानाच त्यात पॉलियुरेथेन ओतलं तर ते अल्कोहोल पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटशी भिडतं आणि तुकड्याचा पृष्ठभाग चिकट निघतो. वर ज्या वेगळ्या दुखण्याचा उल्लेख केला त्याचं एक कारण हे. साचा उघडून एक-दोन दिवस हवेशीर ठेवा किंवा हलकी ऊब द्या, मग ओता. दुसरं कारण पॉलियुरेथेनचं चुकलेलं प्रमाण. पॉलियुरेथेनमध्ये फेस येत असेल तर ओलावा. डबे उघडे राहिले असतील किंवा साच्यात पाण्याचा अंश असेल.

प्लॅटिनम साचाच हवा असेल तर आडवाट आहे. टिन साच्यातून पॉलियुरेथेनची एक प्रत काढा, ती साबणाने धुऊन वाळवा, दोष दुरुस्त करा, लॅकर द्या, चाचणी घ्या आणि तिलाच दुसरा मास्टर करा. एक काम वाढतं, आकुंचनही त्यात येतं, पण मूळ प्रिंटचा त्रास कायमचा संपतो.

चिकटलेला मास्टर सोडवताना

न क्युअर झालेलं सिलिकॉन आधी कोरड्या कापडाने आणि लाकडी काठीने जमेल तेवढं काढा. मग मिनरल स्पिरिट लावलेल्या कापडाने पुसा, शेवटी अल्कोहोलने. खाचांसाठी मऊ टूथब्रश. लॅकरचा थर यात खराब होणारच, तो काढून नव्याने द्यावा लागतो. चिकट साचा टाल्कम पावडर लावून वापरता येतो असं सांगणारे भेटतील. तपशील गेलेलाच असतो आणि पॉलियुरेथेन त्या थराला धरून बसतं. टाकून द्या.

कुठे थांबायचं

रेझिन किंवा पॉलियुरेथेनचं काम करताना हातांवर पुरळ, खाज, डोळे सुजणं, छाती आवळणं किंवा शिट्टीसारखा श्वास जाणवला तर काम त्या क्षणी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. कोणती रसायनं वापरता ते डब्यावरची सुरक्षा माहिती नेऊन दाखवा. अॅक्रिलेटची आणि आयसोसायनेटची अॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढच्या वेळी अगदी थोड्या संपर्कानेही उसळते. आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो. धुळीचा साधा मास्क वाफेला अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीची काडतुसं असलेला मास्क लागतो, आणि तोही हवेशीर जागेतच. मोज्यांवर रेझिन सांडलं तर मोजे बदला, पुसून पुढे जाऊ नका.

प्रेशर पॉटला, म्हणजे ओतलेल्या तुकड्यातले बुडबुडे दाबून बारीक करणाऱ्या भांड्याला, तज्ज्ञाशिवाय हात लावू नका, जर तो रंगाच्या टाकीतून घरी बदलून केलेला असेल, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो याची खात्री नसेल किंवा झाकणाचे स्क्रू झिजलेले असतील. कास्टिंगसाठी साधारण ४० ते ६० पीएसआय दाब वापरतात, आणि त्या दाबाला उडालेलं झाकण जीव घेऊ शकतं. भांड्यावर निर्मात्याने दिलेली मर्यादा नसेल तर ते वापरायचं नाही.

पैशाच्या बाजूनेही एक रेषा आहे. अख्खं हेल्मेट, किलोंनी सिलिकॉन आणि त्याला फायबरग्लासचं कवच लागणारा साचा, किंवा पुन्हा छापता न येणारा, हाताने दुरुस्त केलेला एकुलता एक मास्टर, यांवर चकती दोनदा नापास झाली असेल तर तिसरा प्रयोग करू नका. साचे बनवणाऱ्या व्यावसायिकाकडे द्या. त्यांना मास्टरसोबत रेझिनचं आणि आवरणाचं नाव, नापास झालेल्या चकत्या, मिश्रणाचा कप आणि चिकट साच्याचा एक तुकडा द्या. आणि चिकटपणा जावा म्हणून मास्टरवर शेवटी काय काय फवारलं, चोळलं, तेही न लपवता सांगा, कारण त्यावरच त्यांना कोणतं सिलिकॉन निवडायचं ते ठरवावं लागतं.